ही धूळ आली कुठून? उपग्रहाच्या चित्रांवरून माग कसा काढावा

23 जानेवारी 2022 ला, रविवारी, मुंबईत उभ्या गाड्यांवर पांढुरकी पूड बसली होती आणि समोरच्या इमारती धूसर झाल्या होत्या. ती धूळ मुंबईची नव्हती. कराचीच्या बाजूने वाऱ्यावर स्वार होऊन, अरबी समुद्र ओलांडून ती आली होती. तिचा माग आजही घरबसल्या, फुकट काढता येतो. हात बसवायला हेच उदाहरण घेऊ.

ब्राउझरमध्ये नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' हे उपग्रहांची रोजची चित्रं दाखवणारं संकेतस्थळ उघडा. खालच्या पट्टीत 22 जानेवारी 2022 ही तारीख टाका, म्हणजे धूळ मुंबईत पोचायच्या आदला दिवस. कराची ते मुंबई एका नजरेत मावेल इतका नकाशा ठेवा. मग 'करेक्टेड रिफ्लेक्टन्स' हा थर निवडा. डोळ्यांना दिसावं तसं, खऱ्या रंगातलं चित्र यात मिळतं. टेरा उपग्रहाचं त्या वेळचं चित्र सकाळी साडेदहाच्या सुमाराचं, तर ॲक्वाचं दुपारी दीडच्या आसपासचं. दोन्ही आलटूनपालटून बघा, मग दुसऱ्या दिवशीची बघा. एकाच चित्रावरून निष्कर्ष काढायची घाई करू नका. पट्टा कुठून कुठे सरकला, हे चित्रांच्या क्रमातूनच कळतं.

धूळ मातकट पिवळी, धूर निळसर राखाडी, ढग पांढरेशुभ्र. उत्तर भारतातलं हिवाळी धुकं मैदानावर गुळगुळीत पसरलेलं असतं. गडद पाण्यावर धूळ चटकन उठून दिसते, पण सिंध-राजस्थानच्या वाळूवर मातीवर माती, काहीच सुटं होत नाही. उन्हाळ्यात समुद्रावर रुपेरी पट्टाही दिसतो, ती पाण्यावरची सूर्याची चमक. म्हणून मी रंगापेक्षा आकारावर जास्त विसंबते. धुळीला आणि धुराला उगम असतो. किनाऱ्याशी किंवा आगीशी निमुळतं टोक आणि वाऱ्याच्या दिशेने रुंदावत गेलेली शेपूट दिसली, की माग लागला समजा.

धुराचा उगम शोधायला 'फायर्स अँड थर्मल ॲनोमलीज' हा थर चढवा; आगी आणि असाधारण गरम जागा त्यात ठिपक्यांनी दाखवतात. मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली, मेळघाटाकडे बघितलं तर वणव्यांचे ठिपके दिसतात. अमेरिकेतल्या वाचकांनी जून 2023 चा पहिला आठवडा बघावा: 7 जूनला न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं, तो धूर कॅनडातल्या क्युबेकच्या जंगलांतला होता.

इथे एक मोठी चूक सर्रास होते. ठिपका म्हणजे आगीचा आकार नव्हे. उपग्रहावरून उष्णता टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस उपकरणाच्या चित्रातला एक चौकोन सुमारे 375 मीटरचा असतो; त्यात कुठेतरी पुरेशी उष्णता आढळली, एवढाच त्याचा अर्थ. पोलाद कारखाना किंवा तेलविहिरीवर जळणारा वायूही ठिपका होऊ शकतो. उलट, ठिपके नाहीत म्हणजे आग नाही, असंही नाही. 2024 मध्ये पराळीच्या, म्हणजे भातकापणीनंतर उरलेले खुंट जाळण्याच्या हंगामात, कोरियाच्या भूस्थिर (एकाच भागावर दिवसभर नजर ठेवणाऱ्या) उपग्रहाच्या चित्रांत पंजाबचा धूर दुपारी उशिरा वाढताना दिसला, म्हणजे दीडच्या सुमाराचे उपग्रह निघून गेल्यावर. ठिपके मोजून 'जाळपोळ घटली' म्हणणाऱ्या बातम्या वाचताना हे लक्षात असू द्या. दिवसभराची हालचाल हवी असेल तर हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट या भारताच्या भूस्थिर उपग्रहांची चित्रं दर अर्ध्या तासाला येतात. बारकावा कमी, पण सलगपणा भरपूर.

ढगांमुळे काही दिसत नसेल तर 'एरोसॉल इंडेक्स' हा हवेतले कण दाखवणारा थर लावून बघा. ढगांच्या वर तरंगणारी धूळ आणि धूर त्यात पकडता येतात, मात्र दोन्ही सारखेच दिसतात आणि जमिनीलगतचा थर बऱ्याचदा निसटतो.

शेवटी जमिनीवर या. उपग्रह वरून खाली हवेचा पूर्ण थर बघतो. धूर दोन-तीन किलोमीटर उंचीवरूनही निघून गेलेला असू शकतो. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचे आकडे बघा. पीएम 10 (हवेतले 10 मायक्रॉनपर्यंतचे कण) उसळलं आणि पीएम 2.5 (त्यातले 2.5 मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) त्या मानाने कमी वाढलं, तर बहुधा धूळ. पीएम 2.5 चाच वाटा मोठा असेल तर धुराचा संशय घ्या. आकडा वाईट असेल तर उगम नंतर शोधा, आधी खिडक्या लावा आणि घरातल्या दमेकऱ्यांना बाहेर जाऊ देऊ नका.