दुभंगलेल्या ओठ-टाळूची मोफत शस्त्रक्रिया: मिळालेली तारीख हुकू नये म्हणून

मोफत शस्त्रक्रिया करून देणाऱ्या संस्थेने खर्च उचलला तरी मूल ऑपरेशन टेबलापर्यंत पोहोचेलच असं नाही. लांबून आणलेलं बाळ भूलतज्ज्ञ तपासतात आणि परत पाठवतात. नेहमीची कारणं तीन: वजन कमी, रक्त कमी, नाहीतर सर्दी-खोकला.

ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी जुना ‘दहाचा नियम’ अजून कामाचा आहे: किमान वय 10 आठवडे, वजन 10 पौंड (साधारण साडेचार किलो), हिमोग्लोबिन (रक्ताचं प्रमाण) 10 ग्रॅम. प्रत्यक्षात ओठ बहुधा 3 ते 6 महिन्यांत शिवतात, टाळू 9 ते 18 महिन्यांत.

वजनावरच सगळं अडतं. टाळू दुभंगली असेल तर बाळाला दूध ओढता येत नाही. चोखून चोखून दमतं, पोटात थोडंच जातं. आईने दूध पिळून काढावं आणि वाटी-चमच्याने किंवा दाबता येणाऱ्या मऊ बाटलीने पाजावं. बाळाला जवळजवळ बसतं धरा, दूध गालाच्या आतल्या बाजूला सोडा, गिळल्याशिवाय पुढचा चमचा नको. हवाही बरीच गिळली जाते, त्यामुळे मधूनमधून ढेकर काढा. एक पाजणं अर्ध्या तासात आटपावं, नाहीतर प्यायलेलं दमण्यातच खर्च होतं. दर आठवड्याला त्याच काट्यावर, कपडे काढून वजन घ्या. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला 150 ते 200 ग्रॅम वाढ हवी. दोन आठवडे काटा हलला नाही, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

सर्दी झाली तर निघण्याआधीच फोन करा. नाक वाहायचं थांबलं तरी श्वासनलिका काही आठवडे हुळहुळी राहते आणि भूल देताना आवळू शकते.

उपाशी ठेवण्याच्या वेळा कागदावर लिहून घ्या. सहसा वरचं दूध 6 तास आधी, आईचं 4 तास आधी आणि साधं पाणी 2 तास आधी बंद करतात. रडतंय म्हणून पहाटे कुणीतरी गुपचूप दूध पाजतं. भुलीत तेच दूध उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. हे सोबत येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, आजीला आधी. रात्रभर कोरडं ठेवणंही चूकच, त्याने साखर उतरते.

संमतीपत्रावर सही करणारे आई-वडील किंवा कायदेशीर पालक सोबत हवेतच. प्रवास, मुक्काम, औषधं, टाके उसवले तर दुसरी शस्त्रक्रिया आणि वाचा-उपचार (बोलणं सुधारण्याची थेरपी) यांतलं काय संस्था देणार, हे आधीच लेखी घ्या. वाचा-उपचाराचा खर्च उचलणारी संस्था मिळत असेल तर थोडी लांब पडली तरी तीच निवडा. टाळू शिवली म्हणून बोलणं आपोआप सुधारत नाही. कानात पाणी साचून ऐकू कमी येणंही या मुलांत नेहमीचं, म्हणून श्रवण-चाचणीही मागा.

टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे पातळ, मऊ खाणंच. चमचा टाळूला लागू देऊ नका, स्ट्रॉ नको, खाल्ल्यावर पाणी पाजा. ताजं रक्त, ताप, श्वासाला त्रास किंवा सहा-आठ तास लघवी नाही, तर लगेच दवाखाना गाठा. जखम भरल्यावरही नाकातून दूध येत राहिलं तर टाळूला भोक राहिलेलं असू शकतं. ते बहुधा काही महिने थांबूनच पुन्हा शिवतात, तेव्हा डिस्चार्जचा कागद जपून ठेवा.