टेस्ला कॉइलची ठिणगी लांबवायची तर पल्स चढती ठेवा

सॉलिड स्टेट टेस्ला कॉइल (ट्रान्झिस्टरांवर चालणारी, हवेत ठिणग्या सोडणारी उच्च व्होल्टेजची कॉइल) चालू झाली, बोटभर जांभळ्या ठिणग्या निघाल्या, की सगळ्यांचा हात आधी इंटरप्टरच्या, म्हणजे कॉइल पल्स-पल्सने चालू-बंद करणाऱ्या सर्किटच्या, नॉबकडे जातो. ऑन-टाइम (प्रत्येक पल्स किती वेळ चालू राहते तो काळ) वाढवला की ठिणगी वाढेल, असा हिशेब. थोडी वाढतेही. पण पुढे ती लांबायचं सोडून झुडपासारखी फुलते आणि ट्रान्झिस्टर तापायला लागतात. म्हणून मी पहिल्यांदा हेच सांगतो: पल्स नुसती लांबवू नका, ती चालू असेपर्यंत व्होल्टेज चढतं ठेवा.

ठिणगी एका दमात पूर्ण लांबीची होत नाही. आधी हवेत छोटी वाट आयनीभूत होते. तिच्यातून प्रवाह वाहतो, ती तापते, तापली की चांगली वाहक होते. मग तिच्या टोकाशी विद्युत क्षेत्र एकवटतं आणि ती आणखी पुढे सरकते. सुरुवातीलाच पूर्ण व्होल्टेज आदळलं तर एकदम अनेक वाटा फुटतात आणि ऊर्जा त्यांच्यात वाटली जाते. व्होल्टेज सावकाश चढलं तर जी वाट आधीच तापली आहे तिचंच टोक पुढे जातं, आणि ठिणगी सरळ, जवळजवळ फांद्यांशिवाय निघते. तीनशे किलोहर्ट्झच्या वरच्या कॉइलमध्ये हे फार स्पष्ट दिसतं.

हा चढ मेन्समधून, म्हणजे घरच्या विजेच्या लाइनमधून, आयता मिळतो. हाफ-वेव्ह रेक्टिफायर (एसीचं एकच अर्धं आवर्तन पुढे सोडणारा) ठेवा आणि मोठा फिल्टर कपॅसिटर काढून टाका. ब्रिजला (कॉइल चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या सर्किटला) अगदी चिकटून एक-दोन मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर तेवढा राहू द्या. तो उच्च वारंवारतेच्या प्रवाहासाठी आहे, साठवणीसाठी नाही. ५० हर्ट्झला अर्धं आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे २३० व्होल्टच्या लाइनवर शून्यापासून ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत ५ मिलिसेकंद. ६० हर्ट्झला हाच चढ साधारण ४.२ मिलिसेकंदांचा.

इंटरप्टर झीरो क्रॉसिंगला, म्हणजे मेन्सचं व्होल्टेज शून्यातून जातं त्या क्षणाला, बांधा. कंट्रोल सर्किटच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधूनच संदर्भ घ्या, म्हणजे ती बाजू मेन्सपासून अलग राहते. त्या ट्रान्सफॉर्मरची टोकं उलटी जोडली गेली तर इंटरप्टर नेमका रेक्टिफायर बंद असलेल्या अर्ध्या आवर्तनात उघडतो आणि काहीच निघत नाही. ड्रायव्हरवर संशय घेण्याआधी ती दोन टोकं अदलाबदल करून पाहा. शिखर ओलांडून मिलिसेकंद-दीड मिलिसेकंदात पल्स बंद करा. उतरत्या व्होल्टेजने लांबी मिळत नाही, उष्णता मात्र वाढते. सेकंदाला दोन-तीन पल्सवर सुरुवात करा.

सेकंडरीसाठी, म्हणजे जिच्या वरून ठिणगी निघते त्या गुंडाळीसाठी, ९० मिलिमीटरचा पाइप, ०.२५ मिलिमीटरची एनॅमल तार आणि २२० मिलिमीटर गुंडाळी घ्या: सुमारे पावणेआठशे वेढे, आणि छोट्या टॉपलोडसह (गुंडाळीच्या डोक्यावरचा धातूचा भाग) ३९० किलोहर्ट्झच्या आसपास अनुनाद. टॉपलोड मुद्दाम लहानच ठेवा आणि वर टोकदार तार लावा, म्हणजे ठिणगी लवकर आणि एकाच जागेवरून सुटेल.

ठिणगी वाढते तशी तिची स्वतःची कपॅसिटन्स सेकंडरीला जोडली जाते आणि अनुनाद खाली घसरतो. त्यामुळे ठरावीक वारंवारतेचा ऑसिलेटर इथे चालत नाही. सेकंडरीच्या तळाच्या तारेवर करंट ट्रान्सफॉर्मर बसवून फीडबॅक घ्या. फक्त पल्सच्या सुरुवातीला बसवर (ब्रिजला मिळणाऱ्या रेक्टिफाय केलेल्या पुरवठ्यावर) जवळजवळ शून्य व्होल्टेज असल्याने फीडबॅक क्षीण असतो. पहिला धक्का द्यायला अनुनादाजवळ चालणारा एक दुबळा ऑसिलेटर सोबत ठेवा. गेट ड्राइव्हमधली (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या सर्किटमधली) १०० नॅनोसेकंदांची दिरंगाई ३९० किलोहर्ट्झला सुमारे १४ अंश भरते, म्हणून तिची भरपाई केल्याशिवाय स्विचिंग स्वच्छ होणार नाही. ऑसिलोस्कोपवर ब्रिजचं आउटपुट आणि प्रायमरीचा (ब्रिजला जोडलेल्या थोड्या वेढ्यांच्या गुंडाळीचा) प्रवाह शेजारी शेजारी लावून पाहा.

खरी ताकद प्रायमरीच्या वेढ्यांत आहे. दहा वेढ्यांवर सुरू करा आणि एकेक कमी करत जा. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे दहाचे आठ केले की प्रवाह दीडपटीवर जातो. प्रत्येक वेढा काढण्याआधी ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमधला ट्रान्झिएंट थर्मल इम्पीडन्सचा (छोट्या पल्समध्ये ट्रान्झिस्टर आतून किती तापतो ते दाखवणारा) आलेख उघडा आणि तुमच्या पल्सइतक्या वेळेचा आकडा वाचा. हीटसिंक गार लागतो म्हणून निश्चिंत होऊ नका. सहा-सात मिलिसेकंदांत उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. जो भार पडतो तो आतल्या सिलिकॉनवर. प्रायमरी-सेकंडरीमध्ये पॉलिस्टर शीटचे दोन-तीन थर हवेतच, कारण हे कपलिंग (दोन गुंडाळ्यांमधली चुंबकीय जोड) घट्ट असतं.

आता सुरक्षेचं, आणि हे टाळण्यासारखं अजिबात नाही. बस थेट मेन्सवर आहे. व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) व्होल्टेज कमी करतो, पण अलग करत नाही. स्कोपचा ग्राउंड क्लिप ब्रिजवर लावायचा नाही. डिफरन्शियल प्रोब (ग्राउंडला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) वापरा. उच्च वारंवारतेचा प्रवाह कातडीवरूनच जातो म्हणून ठिणगीला हात लावला तरी चालतो, हे ऐकीव बोलणं साफ चुकीचं आहे: भाजतं खोलवर, आणि मधलं इन्सुलेशन फुटलं तर सेकंडरीवर मेन्सच येतो. सेकंडरीचं ग्राउंड घराच्या अर्थिंगला जोडू नका, वेगळा रॉड ठोका. पेसमेकर असलेल्या माणसाला त्या खोलीत येऊ देऊ नका. खिडकी उघडी ठेवा, ओझोन साचतो. एकटे काम करू नका. मेन्सचा स्विच दुसऱ्याच्या हाताशी असू द्या.

पहिली चाचणी लाइनमध्ये शंभर वॉटचा फिलामेंटचा बल्ब मालिकेत घालून करा. ब्रिजमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि ट्रान्झिस्टर वाचतील. तो मंद राहिला तर बल्ब काढा आणि व्हेरिॲकवर चाळीस-पन्नास व्होल्टपासून वर जा. ठिणगीला मध्येच फांद्या फुटायला लागल्या तर इंटरप्टर झीरो क्रॉसिंगनंतर फार उशिरा उघडत आहे का, ते आधी तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. तिथे सगळं ठीक असेल तर टॉपलोड आणखी लहान करून पाहा.