फ्लॉपी अडली तर ड्राइव्ह बदला, मॅप फाइल तीच ठेवा

जुनी साडेतीन इंची फ्लॉपी घातली आणि ती वाचता आली नाही, की विंडोज ‘फॉरमॅट करायची का?’ विचारतं. ‘नाही’च म्हणा. फ्लॉपी काढून कोपऱ्यातली खिट्टी सरकवा, भोक उघडं दिसलं पाहिजे. मग तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जात नाही.

आता लिनक्सवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारा प्रोग्राम) वापरून अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलमधली जशीच्या तशी प्रत घ्या, मॅप फाइलसह. काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद मॅप फाइलमध्ये असते. (१.४४ एमबीची पूर्ण इमेज १४,७४,५६० बाइटची.) काही सेक्टर (डिस्कवरचे छोटे भाग) वाचले गेले नाहीत, तर दुसरा ड्राइव्ह लावून त्याच इमेज आणि मॅप फाइलवर पुन्हा चालवा. फक्त राहिलेले सेक्टरच वाचले जातात, आणि एक ड्राइव्ह हात टेकतो तिथे दुसरा बऱ्याचदा निभावून नेतो.

फ्लॉपी घालण्याआधी पत्र्याचं झाकण सरकवून बघा. चकतीवर बुरशी असेल तर घालूच नका. ड्राइव्हचं वाचणारं हेड घाण होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडतात.