टेक्स्चर दर सेव्हला मळतंय? या चुका टाळा

टेक्स्चर म्हणजे गेममधल्या वस्तूवर चढवलेलं चित्र. ट्रकच्या गेमसाठी एसटीची लाल परी रंगवताना हा घोळ मी स्वतः घातलाय. डीडीएस, म्हणजे गेम टेक्स्चर वाचतो ती फाईल, उघडायची, रंग जरा बदलायचा, सेव्ह करून गेममध्ये बघायचं, परत तीच डीडीएस उघडायची. आठ-दहा फेऱ्यांत ‘जय महाराष्ट्र’ची शिरोरेषा कुरतडल्यासारखी झाली आणि लाल-पिवळ्याच्या सीमेवर मळकट ठिपके आले. मी आधी ग्राफिक्स कार्डाला शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

डीडीएसमध्ये चित्र दाबून छोटं करणारं एक कॉम्प्रेशन म्हणजे डीएक्सटी1. ते चित्राचे 4×4 पिक्सेलचे चौकोन पाडतं. एका चौकोनाला 8 बाइट. त्यात दोनच रंग खरे साठवले जातात, तेही 16 बिटांत. बाकीचे दोन त्या दोघांच्या मधले, हिशोबाने काढलेले. लाल पट्टा, पिवळं अक्षर आणि त्याची काळी सावली एकाच चौकोनात आली की तिघांपैकी कुणाला तरी दुसऱ्याचा रंग लागतोच.

न बदललेला भाग परत सेव्ह केला तर फारसं बिघडत नाही. खरी वाट लागते ती आख्खं चित्र दोन पिक्सेल सरकवल्यावर किंवा लहान-मोठं केल्यावर. चौकोनांच्या रेषा नव्या जागी पडतात आणि आधीच्या डागांवर नवे डाग बसतात. जेपेगचंही असंच, तिथे चौकोन 8×8 चे.

म्हणून काम करायचं ते लेयर (एकावर एक ठेवलेले सुटे थर) असलेल्या फाईलवर: फोटोशॉपची पीएसडी किंवा गिंप या चित्र-संपादकाची एक्ससीएफ. डीडीएस फक्त एक्स्पोर्ट करायची, परत उघडायची नाही. हाताशी फक्त डीडीएसच असेल तर गेममधली मूळ फाईल एकदाच उघडा, पीएनजी करा आणि पुढचं सगळं त्यावर. मळलेली फाईल दुप्पट मोठी करून तपशील परत येत नाही. डाग तेवढे मोठे होतात.

नेमकं कुठे बिघडलंय हे कळायला फाईल 800 टक्के झूम करा. डाग चार-चारच्या चौकोनांत दिसले तर कॉम्प्रेशन. फाईल स्वच्छ पण गेममध्ये सगळंच धूसर, तर गेमची टेक्स्चर सेटिंग खाली असेल. लांबून बस चमचमत असेल तर मिपमॅप, म्हणजे लांबून दाखवायच्या टेक्स्चरच्या छोट्या प्रती, बनवायचे राहिलेत.

काचेच्या किंवा जाळीच्या कडेला पांढरी-काळी किनार दिसते ती वेगळी भानगड. पारदर्शक पिक्सेलखालचा रंग एक्स्पोर्टमध्ये उडालेला असतो. गिंपमध्ये पीएनजी काढताना तो रंग जपायचा पर्याय असतो, त्यावर टिक करा.

नॉर्मल मॅपला (उजेडासाठी पृष्ठभागाचा उंचसखलपणा सांगणाऱ्या टेक्स्चरला) रंगाचं किंवा शार्पनचं फिल्टर लावू नका, तिथे रंग म्हणजे पृष्ठभागाची दिशा. आणि तो डीएक्सटी1 मध्ये तर मुळीच सेव्ह करू नका. गेम वाचत असेल तर बीसी5 हे दुसरं कॉम्प्रेशन द्या.

रंगीत टेक्स्चरला नव्या गेममध्ये बीसी7 हे कॉम्प्रेशन चालतं. 2048×2048 ची फाईल मिपमॅप सोडून डीएक्सटी1च्या 2 ऐवजी 4 एमबी होते, पण शिरोरेषा सरळ राहते. जुने गेम मात्र ती उघडतच नाहीत.