युरोपीय महासंघात प्रदेशाचे नाव कसे नोंदवतात: पीडीओ-पीजीआय अर्जाची वाट

एकसंध बाजारपेठेत डेन्मार्कचे चीज ग्रीसमध्ये विनाअडथळा विकता येते. मग त्या चीजला ‘फेटा’, म्हणजे ग्रीसच्या प्रसिद्ध चीजचे नाव, द्यायचे की नाही, हे ठरवायला युरोपने १९९२ मध्ये प्रादेशिक नावांच्या नोंदणीचा कायदा केला. १३ मे २०२४ पासून त्याच्या जागी २०२४/११४३ हा नियम लागू आहे. नोंदणी दोन प्रकारांत होते: पीडीओ म्हणजे ‘संरक्षित मूळस्थान नाव’ आणि पीजीआय म्हणजे ‘संरक्षित भौगोलिक संकेत’. नोंदणी झाली की संरक्षण सर्व सदस्य देशांत मिळते. पण प्रदेशाचा अभिमान अर्जात लिहून चालत नाही, तो तपासता येईल अशा अटींत मांडावा लागतो.

अर्ज सहसा उत्पादकांच्या गटाने करायचा असतो. महासंघातील गट आधी आपल्या देशाच्या यंत्रणेकडे जातो, तिथल्या हरकती निकाली निघाल्यावर प्रकरण युरोपीय आयोगाकडे, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी यंत्रणेकडे, पोहोचते. बाहेरच्या देशातील गट थेट आयोगाकडे किंवा आपल्या सरकारमार्फत अर्ज करू शकतो, मात्र मूळ देशात नाव संरक्षित असल्याचा पुरावा जोडावा लागतो. दार्जिलिंग चहाला २०११ मध्ये हे संरक्षण मिळाले.

पहिला निर्णय पीडीओ की पीजीआय, हा. पीडीओसाठी कच्च्या मालापासून तयार मालापर्यंतचे सगळे टप्पे त्याच प्रदेशात व्हावे लागतात. पीजीआयला एखादा टप्पा तिथे झाला तरी पुरते. इटलीतील दक्षिण टायरोलचे ‘श्पेक’, म्हणजे धुरी देऊन मुरवलेले डुकराचे मांस, पीजीआय आहे: मांस बाहेरून येऊ शकते, पण ते श्पेक तिथेच बनते. हे नाव इटालियन आणि जर्मन दोन्ही भाषांत संरक्षित आहे. कच्चा माल बाहेरून येत असेल तर पीडीओच्या मागे लागू नका.

मग नाव तपासा. सर्वसामान्य झालेले नाव नोंदवता येत नाही. ‘चेडर’ चीज कोणीही बनवू शकतो, ‘कॅमेम्बर्ट’ही. ‘कॅमेम्बर्ट द नॉर्मंडी’ मात्र संरक्षित आहे, ‘गौडा हॉलंड’सुद्धा. नाव हातातून निसटत असेल तर त्याला गावाची किंवा प्रांताची जोड द्या. पिकाच्या जातीच्या नावाशी टक्कर होऊन ग्राहकाची दिशाभूल होणार असेल, तरीही नोंदणी नाकारली जाते. कोकणातील बागायतदारांनी हे विशेष लक्षात ठेवावे. भारतात ‘अल्फान्सो’ला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, पण हापूस ही आंब्याची जातही आहे आणि ती कर्नाटकात, गुजरातेतही लावली जाते. युरोपात जायचे तर जिल्ह्याचे किंवा कोकणाचे नाव सोबत घेणे आम्हाला अधिक सुरक्षित वाटते.

आता उत्पादनाचा तपशील. त्यात नाव, मालाचे वर्णन, प्रदेशाची सीमा, माल तिथलाच असल्याचा माग, बनवण्याची पद्धत, प्रदेशाशी संबंध, लेबल आणि तपासणारी यंत्रणा हे सगळे येते. वर्णन आकड्यांत लिहा. फेटाचा तपशील पाहा: मेंढीचे दूध, त्यात शेळीचे जास्तीत जास्त ३० टक्के, ओलावा ५६ टक्क्यांपर्यंत, मुरवण किमान दोन महिने. ‘पारंपरिक चव’ असे लिहाल, तर तपासनीस ती मोजणार कशाने?

अर्ज सर्वाधिक अडखळतो तो संबंधाच्या भागात. ‘आमची माती वेगळी आहे’ एवढ्याने भागत नाही. साखळी दाखवावी लागते: अमुक हवामान किंवा अमुक कसब, त्यामुळे प्रक्रियेत अमुक फरक, आणि त्यातून मालात मोजता येणारा अमुक गुण. पीजीआयला लौकिकाचा आधारही चालतो, पण तो जुनी पाककृतींची पुस्तके, वर्तमानपत्रे, व्यापाराच्या नोंदी यांनी सिद्ध करावा लागतो. इथे फेटाचा खटला बारकाईने वाचण्यासारखा आहे. १९९६ ची नोंदणी युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केली, कारण इतर देशांत ते नाव कसे वापरले जाते याचा आयोगाने पुरेसा विचार केला नव्हता. आयोगाने पुन्हा माहिती गोळा केली, २००२ मध्ये नाव परत नोंदवले आणि २००५ मध्ये ते टिकले. महासंघातील ८५ टक्क्यांहून अधिक फेटा, दरडोई हिशेबाने, ग्रीसमध्ये खाल्ला जात होता. शिवाय इतर देशांतील उत्पादकही वेष्टनावर ग्रीसची आठवण करून देणारी चित्रे छापत होते. तेव्हा प्रतिस्पर्ध्यांची लेबले तारखेसह जपून ठेवा, तीच तुमची साक्ष होतात.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी तीन महिने असतात. हरकत ग्राह्य ठरली, तर दोन्ही बाजूंना वाटाघाटींसाठी मुदत मिळते. तडजोडीची तयारी आधीच ठेवा. स्लोव्हेनियाचे ‘क्रान्स्का क्लोबासा’ हे सॉसेज २०१५ मध्ये नोंदले गेले, पण ऑस्ट्रियाला आपल्या चीज घातलेल्या सॉसेजसाठी ‘केझेक्रायनर’ हे नाव वापरत राहण्याची मुभा देऊनच. ‘क्रायनर’ म्हणजे जर्मनमध्ये क्रान्स्काचे. जुन्या क्रान्स्का प्रांताचे नाव शेजाऱ्यांच्या ताटातही पोहोचले होते. बासमतीसाठी भारताने केलेल्या अर्जावर पाकिस्तानने हरकत घेतली, कारण तो भात सीमेच्या दोन्ही बाजूंना पिकतो. अशा वेळी सीमेचा नकाशा काढण्याआधी शेजाऱ्याशी बोलणी झालेली बरी.

घरातले मतभेदही अर्ज लांबवतात. सायप्रसने ‘हलूमी’ या चीजचा अर्ज २०१४ मध्ये केला, नोंदणी झाली एप्रिल २०२१ मध्ये. शेळी-मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा जास्त हवे, या अटीवर उत्पादकांत तीव्र वाद होता, शिवाय बेट ग्रीक आणि तुर्की भागांत दुभंगलेले. अखेर ‘हलूमी’ हे ग्रीक आणि ‘हेलिम’ हे तुर्की नाव एकत्र नोंदले गेले आणि तपासणी दोन्ही भागांत एका खासगी संस्थेकडे सोपवली गेली. दुधाचे प्रमाण, आंबवणाचा काळ, कोणते तालुके आत, हे वाद अर्जापूर्वी मिटवून लेखी ठराव करा.

नोंदणीनंतर बाजारावर लक्ष ठेवायला गटातच माणूस नेमा. गैरवापर थांबवणे हे सदस्य देशांचे काम असले तरी तक्रार बहुधा तुम्हालाच करावी लागते. युरोपबाहेर पाठवलेला मालही सुटत नाही: डेन्मार्कमधून निर्यात होणाऱ्या चीजवर ‘फेटा’ लिहिणे न थांबवल्याबद्दल जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने डेन्मार्कलाच दोषी ठरवले.