सांगलीतून जावाचा पिस्टन मागवताना: ऑर्डरपूर्वीची तयारी

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघू लागलेल्या जावा २५० या मूळ चेक बनावटीच्या मोटारसायकलचे बरेच सुटे भाग चेक प्रजासत्ताकातून अजूनही नवे मिळतात. आमची गाडी २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेली आणि इंजिन जाम झाले, तेव्हा मी तिकडून पिस्टन मागवला. त्या वेळी चुकलेले आणि नंतर सुधारलेले सारे ध्यानात ठेवून ही तयारी लिहीत आहे.

प्रथम चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक रॉकेलच्या फडक्याने पुसून स्पष्ट वाचावेत व आरसी बुकाशी ताडून पाहावेत. तेवढ्यावर मात्र विसंबू नये, कारण आधीच्या मालकाने दुसऱ्या गाडीचा भाग बसवलेला असू शकतो. काढलेला भाग व्हर्नियरने (बारीक माप दाखवणाऱ्या मोजपट्टीने) मोजावा आणि व्हर्नियर लावलेल्या स्थितीतच त्याचा फोटो दुकानदाराला पाठवावा.

पिस्टनच्या बाबतीत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिमी असून झिजलेल्या सिलिंडरसाठीचे मोठे, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी येतात. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील एखाद्या जाणत्या कारागिराकडून सिलिंडर वर, मध्ये व खाली, तेही दोन्ही दिशांनी मोजून घ्यावा आणि सर्वाधिक झीज व गंजाचे खड्डे निघून जातील असे माप निवडावे. पण बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून त्या मापाचा करणे, हे पिस्टन हातात पडल्यावरच करावे. मी घाईने आधीच बोअरिंग करून घेतले आणि आलेला पिस्टन छापील मापापेक्षा किंचित लहान निघाला, त्यामुळे पिस्टन व सिलिंडरमधला गाळा जास्त राहिला व पिस्टन वाजू लागला. पिस्टनसोबत रिंगा, पिन, सर्क्लिप (पिन जागी धरणारी कडी) आणि गॅस्केट एकाच पार्सलमध्ये मागवावे, म्हणजे कुरिअरचा खर्च दोनदा पडत नाही.

तिथले चलन युरो नसून कोरुना आहे, म्हणून किंमत कोणत्या चलनात आहे ते पाहावे आणि निर्यातीच्या बिलातून तिकडचा व्हॅट वजा झाला आहे का, हेही विचारून घ्यावे. २०२० पासून नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. ते बँकेच्या अ‍ॅपवरून आधी सुरू करावेत.

कस्टम्ससाठी आधार व पॅन हाताशी ठेवावेत आणि पार्सलवरील नाव त्यांच्याशी तंतोतंत जुळेल असे द्यावे. बिलावर ‘मोटारसायकलचा नवा पिस्टन’ असे नेमके वर्णन व खरी किंमत इंग्रजीत लिहायला सांगावी. ‘भेटवस्तू’ लिहून घेण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. तो खोटेपणा आहे, शिवाय राखी व जीवरक्षक औषधे वगळता भेटीची सवलत डिसेंबर २०१९ पासून राहिलेलीच नाही. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक व विमा मिळवून लागते: पिस्टन ६,००० रुपयांचा आणि कुरिअर ४,००० रुपयांचे असेल, तर हिशोब किमान १०,००० रुपयांपासून सुरू होतो. त्यावर सीमाशुल्क आणि मग त्या एकूण रकमेवर आयजीएसटी (आयातीवरील जीएसटी) लागतो, ज्याचा सुट्या भागांवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. एवढे पैसे बाजूला काढूनच ऑर्डर द्यावी.

पार्सल आल्यावर ते उघडतानाचे चित्रीकरण करावे, पिस्टन मायक्रोमीटरने मोजून घ्यावा, आणि माप बरोबर असेल तरच सिलिंडर व पिस्टन दोन्ही घेऊन कुपवाडला जावे.