ल्युकेमियाच्या पेशींवर औषधाची परीक्षा: एमटीटी चाचणी मी अशी लावते

रुग्णाच्या ल्युकेमियाच्या पेशी कुठल्या औषधाने किती मरतात, ते एमटीटी या रंगद्रव्याने बघायची ही चाचणी; रंग जिवंत पेशीच देतात. बोनमॅरोचा (अस्थिमज्जेचा) नमुना हेपॅरिनच्या नळीत, गुठळी न झालेला हवा, आणि शक्यतो त्याच दिवशी कामाला लावा. त्यासाठी कुणाच्या तरी हाडात सुई गेलेली असते. पुन्हा मागायची वेळ आणू नका.

फायकॉल या जड द्रवावर (घनता १.०७७) नमुना नळी तिरकी धरून, हलक्या हाताने सोडा. सेंट्रिफ्यूजनंतर मधे पांढुरका, धूसर थर दिसतो. तेवढाच पिपेटने उचला, दोनदा धुवा, ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशीच निळ्या करणारा रंग) घालून जिवंत पेशी मोजा. मग स्लाइड रंगवून बघाच. ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपक्व पेशी) ८०% च्या खाली असतील तर मी प्लेट लावत नाही, आधी निरोगी पेशी काढून टाकते. रंग त्याही देतात, मग आपण मोजतो ते नेमकं कुणाला?

९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये पेशींवर ल्युकेमियाची औषधं, म्हणजे प्रेडनिसोलोन, व्हिन्क्रिस्टिन, एल-अ‍ॅस्पॅराजिनेज, डॉनोरुबिसिन चढत्या तीव्रतेने घाला, प्रत्येक तीव्रता दोन वेलमध्ये. कडेच्या वेल लवकर सुकतात, त्यात नुसतं मीडियम (पेशींचं पोषक द्रव) भरा. सायक्लोफॉस्फामाइड थेट घालून उपयोग नाही. ते यकृतात बदलल्यावरच काम करतं. मेथोट्रेक्सेटचाही या चाचणीत नीट अंदाज येत नाही.

३७ अंश, ५% कार्बन डायऑक्साइड, चार दिवस.

मग १०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये एमटीटीचं १० मायक्रोलिटर द्रावण (मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम) घालून सहा तास ठेवा. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात. सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे स्फटिक दिसतात. आम्लयुक्त आयसोप्रोपॅनॉलमध्ये ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, घाई नको, आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषणाचं रीडिंग घ्या.

आता माझा हट्ट. औषध न घातलेल्या कंट्रोलच्या किमान सहा वेल ठेवा आणि चौथ्या दिवशी त्यांचीही स्लाइड करा. तिथे ब्लास्ट ७०% हून कमी उरले असतील, तर पेशी औषधाने मेल्या की आपोआप, हे सांगताच येत नाही. ती प्लेट रद्द.

कंट्रोल टिकला तर पेशी नसलेल्या वेलचं रीडिंग वजा करून कंट्रोलच्या तुलनेत जिवंत पेशींची टक्केवारी काढा. निम्म्या पेशी मारणारी तीव्रता म्हणजे एलसी-५०. ती जितकी कमी, तितक्या पेशी त्या औषधाला संवेदनशील. मात्र व्हिन्क्रिस्टिनचा आकडा प्रेडनिसोलोनच्या आकड्याशी ताडू नका; त्याच औषधाच्या इतर रुग्णांच्या आकड्यांशी ताडा. रिपोर्टवर कंट्रोलमधल्या ब्लास्टची टक्केवारीही लिहा, म्हणजे डॉक्टरांना निकालावर किती भिस्त ठेवायची ते ठरवता येतं.